ट्रॉलीच्या टायरच्या चिंध्या झाल्या, सगळे गमतीचे सल्ले देऊन राहिले, खरं काय करू ते सांगा

काळीमाती_कळमेश्वर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथं प्रश्न टाकून राहिलो, लांब झाला तर सांभाळून घ्या. परवा आंबिया बहाराचा संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटले निघालो होतो, चारचाकी ट्रॉली आहे, चारही टायर ९.००-१६. फेटरीच्या अलीकडं कुठंतरी मागचा डावा बसला. नेमका कुठं बसला ते मले समजलंच नाही, कारण ट्रॅक्टरच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही अन् चार चाकं असली की ट्रॉली लवकर झुकत पण नाही. मागून एक मोटरसायकलवाला पोरगा आला, हात करू करू थांबवलं त्यानं, म्हणे काका तुमच्या टायरातून धूर निघून राहिला. तीन-एक किलोमीटर तरी तसाच ओढत आणला असंल मी.

उतरून पायलं तर डावी साइड पूर्ण फाटलेली, जुन्या गादीची शिवण उसवल्यावर सुताचे गुंते लोंबतात ना, तसे धागे बाहेर लोंबत होते. ट्यूबचा तर भुगा. घरी आणून टायर उलटा केला तेव्हा आतून चहापत्तीसारखा काळा चुरा पडला, ओंजळभर. पण वरची नक्षी पाहाल तर अजून अर्ध्याच्या वर बाकी आहे, म्हणूनच जीव तुटून राहिला.

आता गंमत ऐका. टायर टपरीसमोर टेकवून ठेवला होता तर अख्खं गाव डॉक्टर झालं. एक म्हणे ह्याच्यात कापूस ठासून भर, भाव तसाही नाही भेटून राहिला. दुसरा म्हणे मोच्याकडं ने, दाभणानं शिवून देईल, वरून पॉलिश पण मारून देईल. तिसऱ्यानं सांगितलं की फाटकी बाजू आत कर अन् चांगली बाहेर, पाव्हणे आले का आपण चादर उलटी टाकतो तसं. एक म्हणे नागपुरात सगळे रस्ते सिमेंटचे झाले, तू टायर पण सिमेंटचा करून टाक, रस्त्याले रस्ता भेटंल. वेल्डिंगवाला तितंच बसला होता, तो म्हणे दोन पट्ट्या मारून देतो. अन् सगळ्यात शेवटी आमचे एक म्हातारे काका चहा संपवून उठता उठता बोलले, "चारातलं एक काढून टाक, पोराईची तीनचाकी सायकल चालतेच ना." इतका हसलो की डोळ्यात पाणी आलं.

पण घरी आल्यावर बाबा म्हणाले की आम्ही खरंच बैलबंडीच्या टायरात तणस भरून गावापर्यंत आणली आहे, गंमत नाही. आता मी विचारात पडलो. झाडावर अजून दोन खेपांचा माल आहे, व्यापारी थांबायला तयार नाही, नवा टायर दहा हजारांच्या पुढं. गेटर, म्हणजे आतून जुन्या टायरचा तुकडा, टाकून दोन खेपा निघतील का? का बाबा म्हणतात तसं काही करता येईल? कोणी हे काम करत असंल तर खरं खरं सांगा.

वाडीचा_टायरवाला

भाऊ, वाडीले अमरावती रोडवर माझं पंक्चरचं दुकान आहे, २२ वर्षं झाली, दिवसभर ट्रक अन् ट्रॉल्याच हाताखालून जातात. तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तो चहापत्तीसारखा चुरा. तो पडला म्हणजे टायर आतून दळल्या गेला, संपला. वरची नक्षी पाहू नका, नक्षी म्हणजे चपलेचा तळ, पट्टाच तुटला तर तळ नवा असून काय करता.

लोकाईले वाटते ट्रॉलीचं वजन रबर उचलते. नाही. वजन हवा उचलते, टायर फक्त त्या हवेची पिशवी आहे. हवा गेली की टायरची साइड ही डिस्क, म्हणजे चाकाची लोखंडी रिम, अन् रोडच्या मधात दुमडते, प्रत्येक फेऱ्याले एकदा. तुमच्या ९.००-१६ चा एका किलोमीटरमध्ये साडेतीनशेच्या आसपास फेरे होतात, म्हणजे तीन किलोमीटरमध्ये हजारच्या वर वेळा तीच साइड दुमडली अन् सरळ झाली, ते पण भरल्या मालाखाली. तार असो का नायलॉनचा धागा, एकाच जागी वाकवत राहिलं तर तुटतेच, अन् ते घासणं इतकं तापते की रबर धाग्यापासून सुटून जाते. पोरानं धूर पाहिला तो हाच.

गेटरचं सांगतो. गेटर मी रोज टाकतो, जुन्या टायरचा तुकडा कापून, कडा घासून बारीक करून, आतून सोल्यूशन लावून बसवायचा. पण तो वरच्या भागाले, खिळा नाहीतर टोकदार गिट्टी घुसून भोक पडलं असंल तिथं, तेवढंच. साइडले गेटर टाकला तर साइड रोज फुगते-दबते, तो तुकडा तिथं जागेवर राहत नाही, त्याची कड नवी ट्यूब कापते अन् वीस किलोमीटरवर तुम्ही परत रोडवर उभे. काही दुकानवाले टाकून देतात, पैसे घेतात, अन् म्हणतात हळू चालवा. माझ्याकडं असा टायर आला तर मी हातच लावत नाही, चार लोक रागावून गेले माझ्यावर यापायी पण चालते. तुमच्या मागून लोक येतात ना भाऊ, मोटरसायकलवर बायकापोरं असतात.

अजून दोन गोष्टी, ह्या कराच. मागचा उजवा टायर पण खोलून पाहा. डावा बसल्यावर मागचं वजन त्याच्यावर गेलं, तो बाहेरून चांगला दिसंल, तुम्ही टॉर्च घेऊन आत हात फिरवा, कुठं फुगा नाहीतर सुरकुती लागली तर तो पण बाद. अन् डिस्क पाहा. तीन किलोमीटर डिस्कवर आले म्हणजे कडेले धार निघाली असंल, ती कानशीनं घासून, तारेच्या ब्रशनं गंज काढून, रेड ऑक्साइड मारून मगच नवा टायर चढवा, नाहीतर नव्याची पण ट्यूब कापली जाईल.

अन् तुमची डिस्क रिंगवाली, म्हणजे टायर धरून ठेवणारी लोखंडी कडी वेगळी निघते तशी, असंल तर घरी टॉमी (लोखंडी सळई) लावून रिंग काढाले बसू नका. बोल्ट ढिले करायच्या आधी नोझल काढून हवा पूर्ण सोडा, भरताना रिंगच्या समोर उभं राहू नका, साखळी गुंडाळा, पाइपाले चिमटा लावून बाजूनं भरा. रिंग नीट बसली नसली तर हवा भरताना ती सुटते अन् मंग काही पाहाले वेळ भेटत नाही. एका ओळखीच्या पोराचा हात गेला, माझ्यासमोर, दुसऱ्याच्या दुकानात. १९ वर्षांचा होता. म्हणून सांगतो.

उमरेडचे_सर

टायरवाल्या भाऊंनी सगळं बरोबर सांगितलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे टपरीवरच्या सल्ल्यांवर मलाही दोन शब्द बोलावेसे वाटले, कारण गमतीत सांगितलेलं कोणीतरी खरंच करून पाहतं, दरवर्षी पाहतो मी.

वेल्डिंगवाल्याचं आधी. लोखंड वितळतं, परत घट्ट होतं, म्हणून जोडता येतं. टायरचं रबर वितळतच नाही. कच्च्या रबरात गंधक घालून तापवलं की रबराच्या लांब लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी बांधल्या जातात, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं, त्याआधी रबर उन्हात चिकट अन् थंडीत ठिसूळ व्हायचं. एकदा ते पूल बांधले गेले की परत मागं जाता येत नाही. पोळी भाजली की तिची पुन्हा कणीक होते का? तसंच. टायर तापवला तर तो जळतो, जुळत नाही. मुलं विचारतात की मग पंक्चरचा पॅच कसा चिकटतो, तर पॅचच्या खालचा थर कच्च्या रबराचा असतो अन् सोल्यूशनच्या मदतीनं तो ट्यूबच्या रबराशी तिथल्या तिथं बांधला जातो. म्हणून ट्यूब आधी घासावी लागते, सोल्यूशन वाळू द्यावं लागतं. पण तो थर हवा अडवतो, तुटलेल्या धाग्यांचं काम तो करू शकत नाही, अन् टायरची ताकद सगळी धाग्यांत.

आता तुमच्या बाबांचं. ते खोटं बोलत नाहीत, अन् त्यांना मूर्खात काढू नका. बंडीचा बैल माणसाच्या चालीनं चालतो, बंडीवर चार-पाच क्विंटल असेल, गाव जवळ असेल, अन् वाट मातीची. तेवढ्याला तणस पुरलं असेल. तुमचा ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगानं जातो, ट्रॉलीत कितीतरी टन माल, अन् खाली डांबर नाहीतर सिमेंट. तणस दोन किलोमीटरमध्ये दळून पीठ होईल अन् घासून तापेल. कापूस तर त्याहून वाईट, कापसाची गंजी आतून धुमसत राहते अन् बाहेर कळत नाही हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पेटता टायर विझवणं किती अवघड असतं ते कोणी पाहिलं असेल तर त्याला विचारा, पाणी मारलं तरी आतून परत पेटतो.

सिमेंटचं म्हणाल तर ते दबत नाही. हवेचा टायर खड्डा गिळतो, सिमेंटचा टायर तो खड्डा जसाच्या तसा एक्सलला अन् बेअरिंगला देईल. एक्सल तुटला की मग दहा हजारांत भागणार नाही.

नरखेडची_संत्राबाग

दादा, सगळे टायरचं सांगून राहिले, मी दुसरंच विचारते. तुम्ही रोडवर थांबले तेव्हा उजेड होता का अंधार? ट्रॉलीले मागून रेडियम पट्टी आहे का?

आमच्या घरची गोष्ट आहे म्हणून विचारते. पाच-सहा वर्षांआधी आमच्या नात्यातली ट्रॉली अशीच टायर बसून रात्री रोडच्या कडेले उभी होती, मागं दिवा नाही, पट्टी नाही, फक्त दोन दगड ठेवले होते. एक पोरगा मोटरसायकलनं येऊन धडकला. वाचला तो, पण त्याचा पाय अजून नीट नाही. तो शिव्या देत नाही आम्हाला कधी, भेटला की नमस्कार करतो, अन् म्हणूनच माझ्यानं त्याच्याकडं पाहवत नाही. तेव्हापासून आमच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीले अन् दोन्ही बाजूंनी लाल-पांढरी पट्टी लावलेली आहे, अन् ती चिखलानं माखते म्हणून निघताना मी स्वतः फडक्यानं पुसते. पुसलेली पट्टी दुरूनच चमकते, माखलेली असून नसल्यासारखी.

अन् एक हात जोडून सांगते, गाडी दुरुस्त झाली की दगड उचला. लोक टायर बदलून निघून जातात अन् दगड, फांद्या तिथंच रोडवर. तुमचं संकट संपते अन् मागच्याचं सुरू होते.

निघायच्या आधी चारही टायरवर पान्यानं एक एक ठोका मारत जा. भरलेला टायर ठण्ण करते, पान्याले उलटा झटका देते. हवा कमी असली की थप्प असा मेलेला आवाज येते. माझे सासरे शिकवून गेले, एक मिनिट लागत नाही. भरल्या ट्रॉलीनं निघालं की पाच-सात किलोमीटरवर एकदा थांबून परत ठोका, अन् हात लावून पाहा, एक टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथंच थांबा.

त्या मेलेल्या टायरचं म्हणाल तर फेकू नका अन् जाळू तर बिलकुल नका. आम्ही गव्हाण बनवतो. एका बाजूची साइड गोल कापून काढायची, तुमची तर फाटलेलीच आहे, अर्धं काम झालं. खाली फळी नाहीतर जुना पत्रा ठोकायचा. जनावर कितीही ढुसण्या देऊ दे, उलटत नाही, फुटत नाही. फक्त कापताना आत लोंबणारे धागे अन् कडेची तार साफ काढा, नाहीतर जनावराच्या पोटात जाते. अन् खाली चार भोकं पाडा. टायरात पाणी साचलं की डेंग्यूचा मच्छर तिथंच अंडी घालते, पाणी आटलं तरी ती अंडी टायरले चिकटून महिनोन्‌महिने जिवंत राहतात अन् पुढच्या पावसात फुटतात. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत तीन घरी ताप होता, अन् पंक्चरच्या दुकानामागं टायरचा ढीग.

कामठीरोड_९०

काळीमाती भाऊ, चादर उलटी टाकायचा सल्ला वाचून ऑफिसात मोठ्यानं हसलो, बाजूचे पाहून राहिले. आमच्याकडं मावशीनं एकदा स्कूटरच्या टायरमधून हवा जाते म्हणून ट्यूबले गव्हाची कणीक लावली होती, तर दुसऱ्या दिवशी उंदरानं टायरच कुरतडला. आजही लग्नात ती गोष्ट निघते.

बरं कामाचं. सेकंड हॅन्ड घ्यायचा विचार असेल तर टायरच्या साइडवर डीओटी लिहिलेलं असते, त्याच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवी अन् आकडा जुना असेल तर तो उन्हात पडून राहिलेला माल आहे, आपल्या नागपूरच्या उन्हात रबर कसं चिरते ते सांगायले नको, अंगठ्यानं साइड दाबून वाकवा, बारीक चिरा उघडतील. काही टायरवर वरचा पट्टा नवा चढवलेला असतो, रिमोल्ड, त्याची जोडाची रेघ खांद्यापाशी दिसते, ट्रॉलीले चालतोही पण आतला सांगाडा कोणाचा अन् किती वापरलेला ते विचारा. अन् ९.००-१६ म्हणजे ९ इंच रुंदी, १६ ची डिस्क. ट्रकचा ९.००-२० स्वस्तात भेटते म्हणून कोणी देऊन राहिलं तर घेऊ नका, तो तुमच्या डिस्कवर बसणारच नाही.

नवा घ्याल तर पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला अन् ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ चा ५. बिलात तुमच्या टायरले कोणता दर लावला ते वाचून पाहा, बिनबिलाचा घेऊन हे कळणार नाही.

काळीमाती_कळमेश्वर

सगळ्याईचे खूप खूप आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही कारण ह्याच कामात होतो.

वाडीवाल्या भाऊ, तुमचं वाचून उजवा टायर खोलला. बाहेरून एकदम झकास होता. आत हात फिरवला तर एका जागी तळहाताएवढा भाग मऊ लागला, पुरी फुगते ना, तसा. अंगावर काटा आला हो. हाच टायर मी पुढच्या खेपेले तसाच घेऊन जाणार होतो. डिस्कची धार पण तुम्ही म्हणाले तशीच निघाली होती, घासून रंग मारला.

दोन टायर एकदम घ्यायची आता ताकद नव्हती, माल विकला गेल्याबिगर पैसा नाही. तर बाबांनीच रस्ता काढला. आमच्या धुऱ्याले धुरा असलेल्या शेजाऱ्याची ट्रॉली सोयाबीन झाल्यापासून रिकामी उभी आहे, त्याच्या मागच्या दोन्ही डिस्का टायरसकट मागून आणल्या, बोल्टची भोकं मोजून पायली, जुळली. दोनच्या तीन खेपा केल्या, कमी कमी भरून, अन् काल शेवटची कळमन्याले खाली करून आलो. सर, बाबाईले तुमचं वाचून दाखवलं. "मूर्खात काढू नका" हे दोनदा वाचाले लावलं त्यांनी. मंग म्हणाले, बरोबर आहे, तेव्हा बैल होते.

ताई, दिवस होता, अकरा-साडेअकरा वाजले असतील. पट्टी नव्हती. आता लावली, मागं अन् दोन्ही बाजूंनी. अन् फेटरीजवळ त्या दिवशी मी लावलेले तीन दगड तसेच होते कडेले, काल येताना थांबून उचलून नालीपलीकडं टाकले. तो मोटरसायकलवाला पोरगा कोण होता ते विचारायचं राहूनच गेलं मले.

फाटक्या टायरची गव्हाण आईनं कालवडीसाठी मागून घेतली, उद्या कापतो, तार काढूनच. आता सोमवारी दोन नवे टायर आणाले चाल्लो. एक शेवटचं विचारतो, उजव्या टायरातली ट्यूब चांगली निघाली, पाण्यात बुडवून पायली, एक बुडबुडा नाही. ती नव्या टायरात टाकली तर चालंल ना?

वाडीचा_टायरवाला

नाही टाकायची भाऊ. जुनी ट्यूब वापरून वापरून ताणलेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते अन् घडीवरच घासून फाटते. नव्या टायरले नवी ट्यूब अन् खालचा फ्लॅप, म्हणजे ट्यूब अन् डिस्कच्या मधातली रबरी पट्टी, पण नवाच. चढवताना ट्यूबले शंखजिऱ्याची पूड लावाले सांगा, अन् थोडी हवा भरून, सोडून, परत भरा, घडी असंल तर सुटून जाते. ती चांगली निघालेली जुनी ट्यूब घरी ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात पोरं विहिरीवर पोहणं शिकतील तर कामी येते.